कपाटापलीकडील देश

आयर्लंड बेटाच्या उत्तर भागात बेलफास्ट नावाचे मोठे बंदर आहे. इ. स. १९०६ च्या सुमारास तेथील एका प्रशस्त घराच्या माळ्यावर दोन भाऊ तासन् तास चित्रे काढीत आणि गोष्टी लिहीत बसत. थोरला वॉरन आगगाड्या व आगबोटी रेखाटी. त्याने एक काल्पनिक देश निर्माण केला होता आणि त्याला नाव दिले होते हिंदुस्थान! धाकट्याच्या देशात चिलखते घातलेले शूर उंदीर व ससे राहत आणि मांजरांशी युद्धे करीत. पुढे दोघा भावांनी हे देश जलमार्गांनी जोडले व त्यांचा नकाशाही तयार केला. उंदरांच्या राज्याचा हा बालइतिहासकार म्हणजेच क्लाईव्ह स्टेपल्स लुईस. मोठेपणी त्यांनी नार्निया नावाचा अद्भुत देश निर्माण केला आणि जगभरातील मुलांना त्याची वाट दाखविली.

लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी झाला. वडील वकील होते. आई फ्लोरा ही गणित शिकून पदवी मिळविलेली विदुषी होती. फ्रेंच व लॅटिन या भाषांचे पहिले धडे मुलाने तिच्याजवळच गिरविले. घरात जागोजागी पुस्तके होती आणि ती वाचण्यास मुलांना कोणतीही आडकाठी नव्हती.

परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. इ. स. १९०८ मध्ये आईला कर्करोग झाला. नऊ वर्षांच्या मुलाने ती बरी व्हावी म्हणून मनोभावे प्रार्थना केली. पण त्याच वर्षी २३ ऑगस्ट रोजी ती हे जग सोडून गेली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्या पोरक्या मुलाची समुद्रापलीकडे, इंग्लंडमधील एका निवासी शाळेत रवानगी झाली. हळूहळू त्याची देवावरील श्रद्धा मावळली. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात तो स्वतःला नास्तिक समजू लागला होता.

तरीही एक ओढ सुटली नाही. उत्तर युरोपातील प्राचीन देवदेवतांच्या कथा वाचताना त्याचे मन भरून येई. येथेच त्याच्या मनात मोठे द्वंद्व सुरू झाले. त्याला जे प्रिय होते, ते सारे त्याच्या मते खोटे होते. आणि जे खरे म्हणून तो मानीत होता, ते रुक्ष व निरर्थक वाटत होते. गोष्ट सुंदर असली, तरी ती शेवटी असत्यच, असे त्याची बुद्धी बजावीत होती.

इ. स. १९१६ मध्ये एका रेल्वे स्थानकावर त्याने जॉर्ज मॅकडोनाल्ड यांची एक अद्भुतकथा विकत घेतली. मॅकडोनाल्ड हे स्कॉटलंडचे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. पुस्तकात परीलोक होता, बोलकी झाडे होती. परंतु त्या सर्वांतून एक निर्मळ चांगुलपणा दरवळत होता. वाचकाचा देवावर विश्वास नव्हता, तरी तो चांगुलपणा त्याच्या मनात घर करून राहिला.

पुढे पहिल्या महायुद्धात लुईस फ्रान्समधील रणभूमीवर गेले व इ. स. १९१८ मध्ये जखमी होऊन परतले. शिक्षण पुरे करून इ. स. १९२५ मध्ये ते ऑक्सफर्ड येथे इंग्रजी साहित्याचे अध्यापक झाले. दुसऱ्याच वर्षी तेथे त्यांची भेट जे. आर. आर. टोल्किन या प्राध्यापकांशी झाली. टोल्किन हे निष्ठावंत कॅथलिक ख्रिस्ती होते आणि लुईस यांच्याप्रमाणेच प्राचीन कथांचे वेडे होते.

एव्हाना लुईस यांना ईश्वर आहे असे वाटू लागले होते. परंतु ख्रिस्ताची कथा त्यांना पटत नव्हती. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री टोल्किन, ह्यूगो डायसन व लुईस हे तिघे स्नेही महाविद्यालयाच्या आवारातील झाडांखालून फिरत होते. पुराणकथा खोट्या असतात, हे मत टोल्किन यांनी खोडून काढले. त्यांच्या मते, मनुष्य हा निर्मात्याच्या प्रतिरूपात घडला आहे. म्हणून त्यालाही नवी जगे निर्माण करावीशी वाटतात आणि त्याच्या कल्पनेत सत्याचा एखादा किरण उतरतोच. मृत्यू पावून पुन्हा उठणाऱ्या देवाची कथा पुष्कळ देशांत आढळते. ख्रिस्ताच्या ठायी ती प्रत्यक्ष घडली, अशी त्यांची श्रद्धा होती. हा संवाद पहाटेपर्यंत चालला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी लुईस भावाच्या मोटारसायकलला जोडलेल्या बैठकीत बसून प्राणिसंग्रहालय पाहावयास निघाले. त्या प्रवासातच ख्रिस्तावर आपली श्रद्धा जडल्याचे त्यांना उमगले.

आता कल्पना आणि सत्य यांतील वैर संपले. इ. स. १९३८ मध्ये लुईस यांनी मंगळावरील प्रवासाची कादंबरी प्रसिद्ध केली. त्या काळच्या अनेक कथांत परग्रहावरील जीव क्रूर असत. लुईस यांचे मंगळवासी मात्र निष्पाप होते. लोभ आणि हिंसा घेऊन तेथे गेला होता तो पृथ्वीवरचा माणूस! दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीत लेखकमित्र जमत व आपापले नवे लेखन वाचून दाखवीत. टोल्किन यांचा कथाग्रंथ पुरा होण्यास बारा वर्षांहून अधिक काळ लागला. लुईस यांच्या आग्रहावाचून तो पूर्ण झालाच नसता, असे टोल्किन स्वतः मान्य करीत.

चेटकिणींच्या आणि जादूच्या कथा मुलांच्या हाती द्याव्यात काय, अशी शंका कित्येक श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांना वाटे. आजही काहींना वाटते. लुईस यांचे उत्तर असे होते की, जगात क्रौर्य आहे हे मुलांपासून लपून राहत नाही. तर मग शौर्य कसे असते हेही त्यांनी ऐकले पाहिजे. आधी उपदेश ठरवून त्याला गोष्टीचा अंगरखा चढविणेही त्यांना मान्य नव्हते. बर्फाळ अरण्यातून छत्री घेऊन चाललेला, अर्धा माणूस व अर्धा बोकड असा एक प्राणी सोळाव्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्या चित्रातून गोष्ट उगवली. मग अस्लान हा सिंह आला आणि त्याच्याबरोबर श्रद्धाही आली.

इ. स. १९५० ते १९५६ या काळात नार्नियाची सात पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिल्या पुस्तकात चार भावंडे एका जुन्या कपाटातून त्या देशात जातात. त्यांच्यातील एकाने केलेल्या विश्वासघातासाठी अस्लान आपले प्राण देतो व पुन्हा जिवंत होतो. टोल्किन यांना ही पुस्तके रुचली नाहीत. मित्रांची मतेही अशी भिन्न असू शकतात. एका मुलाला मात्र वेगळीच चिंता लागली. येशूपेक्षा आपण अस्लानवरच अधिक प्रेम करतो, हे पाप तर नव्हे? त्याच्या आईने लेखकाला पत्र पाठविले. लुईस यांनी तत्परतेने धीर दिला: अस्लानच्या ज्या कृत्यांमुळे तो मुलाला आवडतो, ती येशूचीच कृत्ये आहेत, तेव्हा भिण्याचे कारण नाही.

इ. स. १९५५ च्या पुस्तकातील डिगरी या मुलाची आई मरणासन्न असते. जादूचे सफरचंद चोरून तिला वाचविण्याचा मोह चेटकीण त्याला घालते. काळजावर दगड ठेवून तो वचन पाळतो. शेवटी अस्लान स्वतः त्याला एक सफरचंद देतो आणि आई बरी होते. त्या फळाच्या बियांतून उगवलेले झाड पुढे वादळात पडते. त्याच्या लाकडापासून जे कपाट बनते, तेच नार्नियाचे द्वार ठरते.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस यांचे ऑक्सफर्ड येथे निधन झाले. नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई परत मिळाली नव्हती. परंतु ते दुःख त्यांनी कडवटपणात वाया जाऊ दिले नाही. त्याचेच त्यांनी दुसऱ्या मुलांसाठी एक दार केले.