माथेरानचे आसफ फैजी आणि गावागावातलं वाचनालय

आसफ अली असगर फैजी हे नाव आज वकिलीच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक परीक्षेला लागतं, म्हणून. आपल्या रायगडात मात्र हे नाव घेतलं तर बहुतेक जण विचारतात, कोण हे? आणि गंमत म्हणजे हा माणूस जन्मला आपल्याच जिल्ह्यात, माथेरानला, १० एप्रिल १८९९ रोजी. तालुक्याच्या गावी आज जे सरकारमान्य वाचनालय दिसतं, वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळतं, त्या सगळ्या व्यवस्थेचा पहिला आराखडा ज्या समितीनं आखला, तिचे अध्यक्ष हेच फैजी साहेब होते. त्यांच्या कायद्याच्या कामावर पुष्कळ लिहिलं गेलंय. इथं मला त्यांच्या आयुष्याची ही दुसरी बाजू सांगायची आहे.

१८९९ साली माथेरानला गाडी नव्हती. नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधली, ती १९०७ साली सुरू झाली. त्याआधी लोक घोड्यावर नाहीतर डोलीत बसून वर जायचे. मुंबईच्या खात्यापित्या बोहरी घराण्यांची उन्हाळ्याची ठिकाणं दोन. डोंगरावर माथेरान आणि समुद्राकाठी किहीम, मुरूड. फैजी आणि तैयबजी ही दोन्ही सुलेमानी बोहरा घराणी, एकमेकांत सोयरीक असलेली. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष आणि अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, बद्रुद्दीन तैयबजी, हे याच गोतावळ्यातले. जंजिऱ्याचे नवाब सिदी अहमद खान यांच्या बेगम नाझली याही फैजी घराण्यातल्या, आणि त्यांची बहीण अतिया फैजी लंडनला शिकायला गेली तेव्हा तिची रोजनिशी उर्दू नियतकालिकात छापून यायची. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे मुलीच्या हातात पुस्तक दिसलं की घरात कुजबुज व्हायची, त्या काळात या घरातल्या बायका लिहीत होत्या आणि त्यांचं लिहिलेलं छापलं जात होतं.

या घराण्यांची एक सवय सांगण्यासारखी आहे. सुट्टीच्या घरात एक वही ठेवलेली असायची. तिला अखबार म्हणायचे. कोण आलं, कोण गेलं, दिवस कसा गेला, ते ज्याला वाटेल त्यानं त्यात लिहायचं. अशा वह्या वर्षानुवर्षं जपल्या गेल्या. पुढे फैजी साहेबांनी तैयबजींच्या मूळ पुरुषाचं, भोईमियांचं, आत्मचरित्र संपादित करून छापलं. घरातला कागद घरातच राहू नये, चार लोकांनी वाचावा, ही ओढ त्यांना बहुधा तिथूनच लागली असावी. हा माझा अंदाज, पण पुढचं आयुष्य बघता तो फार चुकीचा वाटत नाही.

शिक्षण मुंबईत सेंट झेव्हिअर्समध्ये, मग कायदा, मग केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज. तिथं त्यांनी अरबी-फारसीचा अभ्यास केला. ब्राउन आणि निकल्सनसारखे नामवंत प्राध्यापक तेव्हा केंब्रिजमध्ये होते. बॅरिस्टर होऊन परतले आणि १९२६ पासून मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. वकिली चालू असतानाच जुन्या हस्तलिखितांचा नाद लागला. चौथ्या हिजरी शतकात फातिमी खलिफांच्या दरबारात काझी नोमान नावाचे मोठे फकीह होते. त्यांचा दआइमुल इस्लाम हा ग्रंथ बोहरा समाजात कायद्याचा आधार मानला जातो, पण तोवर तो नीट छापलेला नव्हता. हातानं उतरवलेल्या प्रती घराघरांतल्या पेट्यांमध्ये होत्या, आणि बाहेरच्या माणसाला त्या दाखवायची रीत नव्हती. फैजी साहेबांनी प्रती मिळवल्या, ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्या. हे काम दोन-चार वर्षांचं नव्हतं. पहिला खंड कैरोत १९५१ साली छापून आला आणि दुसरा त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी. १९३३ साली मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन निघाली, तिच्यामागेही तेच होते.

१९३८ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. थोड्याच काळापूर्वी त्या जागेवर डॉ. आंबेडकर होते. आणि पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, मुंबई सरकारनं ग्रंथालय विकास समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद फैजींना दिलं.

ही समिती का निघाली, ते समजून घ्यायला हवं. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ १९३७ ला आलं होतं आणि साक्षरतेची मोहीम जोरात होती. रात्रीच्या वर्गात मोठी माणसं बाराखडी गिरवत होती. पण शिकवणाऱ्या कुठल्याही मास्तरला हे ठाऊक असतं की अक्षरओळख झाल्यावर वाचायला काही मिळालं नाही तर वर्ष-दोन वर्षांत सगळं पुसलं जातं. आणि वाचायला मिळणार कुठं? त्या वेळची वाचनालयं बहुतेक वर्गणीची होती. जुन्या काळच्या नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या शहरात आणि तालुक्याच्या गावी होत्या, तिथं वकील, मामलेदार कचेरीतले लोक, पेन्शनर बसायचे. कुळवाडी, कोळी, बागायतीत राबणारा गडी तिथं पाय ठेवत नसे. बाई तर नाहीच. शेजारी बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून सगळ्या संस्थानात मोफत वाचनालयं उभी केली होती, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवली जात होती. मुंबई इलाख्यात त्या तोडीचं काही नव्हतं.

फैजी समितीनं १९४० साली अहवाल दिला. त्यातली कल्पना जिन्यासारखी आहे. सगळ्यात वर मुंबईत एक मध्यवर्ती ग्रंथालय, जिथं छापलेलं सगळं जपून ठेवायचं. त्याखाली भाषेप्रमाणे तीन विभागीय ग्रंथालयं, मराठीसाठी पुणे, गुजरातीसाठी अहमदाबाद, कानडीसाठी धारवाड. त्याखाली जिल्हा, मग तालुका, मग पेटा, आणि शेवटची पायरी गाव. मला यात सगळ्यात शहाणपणाची वाटते ती एक गोष्ट. सरकारनं सगळीकडे नव्या इमारती बांधाव्यात असा हट्ट या योजनेत नव्हता. गावात आधीच जे वाचनालय आहे त्यालाच मान्यता द्यायची, अनुदान द्यायचं आणि त्याचं दार सगळ्यांसाठी उघडून घ्यायचं. तिजोरीत पैसा नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून वर्गणीदारांच्या वाचनालयालाच हळूहळू गावाचं वाचनालय करण्याचा हा रस्ता.

पण वेळ वाईट होती. महायुद्ध सुरू झालं, आणि अहवाल हातात पडायच्या आधीच, १९३९ च्या नोव्हेंबरात, खेर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला होता. कागद कपाटात गेला. खेर १९४६ ला परत आले, तेव्हा तो बाहेर निघाला आणि स्वातंत्र्याच्या आसपास वरच्या पायऱ्या तरी बांधल्या गेल्या. मुंबईत टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाकडे मध्यवर्ती ग्रंथालयाचं काम आलं, पुण्यात विभागीय ग्रंथालय निघालं, मग जिल्ह्याजिल्ह्यात.

आपल्या किनाऱ्याच्या बाबतीत यात एक वेगळीच अडचण होती. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा भाग तेव्हा जंजिरा संस्थानात. मुंबई इलाख्याच्या समितीचा आराखडा तिथं लागूच होत नव्हता. अलिबाग, रोहा, पेण, महाड आराखड्यात, आणि ज्या मुरूडला फैजी घराण्यातली बेगम राहून गेली ते मुरूड बाहेर. १९४८ साली संस्थान विलीन होऊन कुलाबा जिल्ह्यात आलं, त्यानंतरच ही गावं सरकारी ग्रंथालयांच्या नकाशात आली. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा पातळ का, असं कुणी विचारलं की मी हे कारण आधी सांगतो. लोकांना वाचायची आवड नाही, हे उत्तर फार सोपं आहे.

फैजी साहेब तोवर दुसरीकडे गेले होते. १९४७ पर्यंत लॉ कॉलेज, मग मुंबईच्या लोकसेवा आयोगावर, १९४९ ते ५१ इजिप्तमध्ये भारताचे राजदूत. त्या खुर्चीचा त्यांनी कैरोतल्या छापखान्यासाठीही उपयोग करून घेतला म्हणायचा, कारण दआइम त्याच दिवसांत बाहेर पडलं! परतल्यावर १९५२ ते ५७ केंद्रीय लोकसेवा आयोग, त्यानंतर १९६० पर्यंत जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. १९६२ साली पद्मभूषण. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं मोठं पुस्तक १९४९ चं, आणि इस्लामकडे नव्या नजरेनं बघण्याबद्दलचं पुस्तक १९६३ चं. या दुसऱ्या पुस्तकातली त्यांची मतं आपल्यातल्या बऱ्याच जणांना पटली नाहीत. आजही पटत नाहीत. धर्म आणि कायदा यांची सांगड कशी घालायची यावर ते फार पुढे गेले, असं उलेमांचं म्हणणं होतं. मला स्वतःला काही ठिकाणी त्यांचं बरोबर वाटतं, काही ठिकाणी घाई वाटते. पण त्या वादापायी आपण या माणसाचं वाचनालयाचं कामही विसरलो, हे काही न्यायाचं नाही. वाचनालयात तर त्यांच्या विरोधकाचं पुस्तकही त्यांच्या पुस्तकाशेजारीच उभं राहतं.

राहिली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या संग्रहाची. आयुष्यभर जमवलेली इस्माइली हस्तलिखितं त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. मुइज्ज गोरियावाला यांनी केलेली त्यांची वर्णनात्मक सूची विद्यापीठानं १९६५ साली छापली. ज्या किताबा पेटीतून बाहेर काढायची रीत नव्हती, त्या आता सूचीत नाव-नंबरासह आल्या. संशोधकानं यावं, चिठ्ठी भरावी, टेबलावर बसून वाचावं. घरच्यांना ते मुळीच सोपं गेलं नसेल. हस्तलिखित ही घराण्याची इज्जत असते.

इथं आपल्याकडचं थोडं बोलतो. कोकणात जुन्या घरांच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका आहेत. आजोबा आफ्रिकेला किंवा जहाजावर होते, त्यांनी आणलेल्या उर्दू किताबा, जुनी मासिकं, फारसी गुलिस्ताँ, कुठं हातानं लिहिलेले मौलूद. आपल्या पावसात कागद किती टिकतो सांगायला नको. आधी बुरशी, मग कसर, मग वाळवी. मुलगा आखातात, सून मुंबईत, घर बंद. गेल्या काही वर्षांत अशा दोन ट्रंका रद्दीत गेलेल्या मी पाहिल्या. दुसरीकडे माझ्या वर्गातल्या मुली विचारतात, सर, पाठ्यपुस्तकाशिवाय उर्दू गोष्टीचं पुस्तक कुठं मिळेल? एकाच गावातल्या या दोन गोष्टी. मध्ये वाचनालय नावाची खोली नाही, एवढंच.

खोली निघू शकते. त्याची सोय फैजींच्या आराखड्यानंतर बऱ्याच उशिरा, पण झाली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. मद्रासनं १९४८ सालीच घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर लावून वाचनालयांना हक्काचा पैसा दिला होता, आपल्या कायद्यानं कर लावला नाही, सरकारी अनुदानावर भागवलं. शेवटची पायरी, म्हणजे गाव, कमकुवत राहण्याचं माझ्या मते हे मोठं कारण. तरीही नोंदणी केलेली कुठलीही स्थानिक संस्था वाचनालय चालवून मान्यता मागू शकते. अ, ब, क, ड असे दर्जे आहेत, ड पासून सुरुवात करायची. पुस्तकांचं दाखलबुक, वाचकांची नोंद, ठरलेल्या वेळी उघडं दार आणि वर्षाचा तपासलेला हिशोब, हे सरकार बघतं. वरच्या दर्जाला बालविभाग आणि महिला विभाग हवा. पुस्तकप्रदर्शन, व्याख्यान, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, असे कार्यक्रम तिथं होतात. आणि मराठीबरोबर उर्दूचं कपाट ठेवायला कुणी अडवत नाही, फक्त ते मागणारं माणूस कार्यकारिणीत बसलेलं पाहिजे. आपल्या जमातीतले किती लोक तालुक्याच्या वाचनालयाचे साधे सभासद तरी आहेत?

बायकांचा प्रश्न वेगळा. संध्याकाळी सहाला उघडणारं वाचनालय आपल्या घरातल्या बाईच्या कामाचं नाही, तेव्हा मगरिब आणि चुलीची वेळ. दुपारी दोन ते चार दार उघडं ठेवलं तर ती येते. हे ठरवायला वेगळा सरकारी आदेश लागत नाही, वेळेची पाटी बदलावी लागते.

फैजी साहेब २३ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत वारले. ज्या कुलाबा जिल्ह्यात माथेरान येतं, त्याचं नाव त्याच वर्षाच्या सुरुवातीला रायगड झालं होतं. त्यांची हस्तलिखितं अजून मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात, फैजी संग्रह याच नावानं आहेत.