सेसिल ऱ्होड्स : करारनाम्यातून साम्राज्य

साम्राज्ये केवळ तलवारीच्या जोरावर उभी राहतात, असा सामान्य समज आहे. तो अर्धाच खरा होय. तलवारीच्या आधी पुष्कळदा करारनामा येतो व करारनाम्याच्या आधी भांडवल. सेसिल ऱ्होड्स याचे चरित्र याची उत्तम साक्ष देते.

हा गृहस्थ १८५३ साली इंग्लंडात एका पाद्र्याच्या घरी जन्मला. प्रकृती नाजूक म्हणून १८७० त त्यास दक्षिण आफ्रिकेत, नाताळ प्रांती भावाच्या कापसाच्या मळ्यावर धाडण्यात आले. पुढील वर्षी तो किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींकडे वळला, आणि भागीदार मिळवीत व प्रतिस्पर्धी विकत घेत १८८८ त त्याने डी बीअर्स कंपनीची नव्याने उभारणी केली.

त्याच वर्षी त्याचा भागीदार चार्ल्स रड हा माटाबेले लोकांचा राजा लोबेंगुला याजकडे गेला. दरमहा १०० पौंड, १,००० बंदुका व १,००,००० काडतुसे यांच्या मोबदल्यात राजाने आपल्या मुलखातील खनिजांचा हक्क लिहून दिला. राजास वाचता येत नव्हते. दहांहून अधिक गोरे येणार नाहीत, हे तोंडी आश्वासन कागदावर उतरलेच नाही. फसगत ध्यानी येताच त्याने व्हिक्टोरिया राणीकडे दाद मागितली. तथापि १८८९ च्या ऑक्टोबरात ऱ्होड्सच्या कंपनीस राजसनद मिळाली, आणि खाणी खणण्याच्या परवानगीतून राज्य करण्याचा अधिकार निपजला! ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास जाणणाऱ्या आमच्या वाचकांस ही रीत अपरिचित नाही.

१८९० त ऱ्होड्स केप वसाहतीचा मुख्य प्रधान झाला. त्याच वर्षी कंपनीचे पथक माशोनालँडात शिरले. १८९३ त मॅक्सिम तोफांपुढे लोबेंगुलाचे सैन्य मोडले. १८९५ त त्या मुलखास ऱ्होडेशिया हे नाव पडले. त्याच वर्षाअखेर ट्रान्सवालवर घातलेला जेमसनचा छापा फसला व ऱ्होड्सचे प्रधानपद गेले. १९०२ साली तो वारला. १९१८ त प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, तेथील पडीक जमीन ना कंपनीची, ना मूळ रहिवाशांची; ती ब्रिटिश राजसत्तेची! त्या भूमीस झिंबाब्वे म्हणून स्वातंत्र्य मिळावयास १९८० साल उजाडावे लागले.

ऱ्होड्सने ऑक्सफर्डास ठेवलेल्या शिष्यवृत्त्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी दानाबरोबर जमेची बाजूही तपासावी. ज्यास कागद वाचता येत नाही, त्यास मजकूर चुकीचा सांगून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आहे. परंतु दुर्बलाच्या बाजूने ते लागू करणारे न्यायासन लोबेंगुलास लाभले नाही. म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही दोन गोष्टी सुचवितो : न वाचता सही करू नये, आणि ज्यास वाचता येत नाही, त्याची सही घेऊही नये.