शिरीषकुमार आणि कलम १३२

दरवर्षी ९ सप्टेंबर उजाडला की नंदुरबारच्या माणिक चौकात पुष्पहार वाहिले जातात आणि वक्ते शिरीषकुमार मेहता या बालहुतात्म्याच्या धैर्याचा गौरव करतात. ते योग्यच आहे. परंतु या गौरवात एक गोष्ट हटकून गळते. धैर्य कोणाचे हे सर्वांस ठाऊक असते. गोळी कोणाच्या हुकमाने सुटली आणि तिचा जाब पुढे कोणी दिला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. शिरीषकुमारच्या आयुष्याची उजळणी आज आम्ही करीत आहोत ती या राहून गेलेल्या प्रश्नासाठी.

त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ रोजी नंदुरबारला झाला. हे गाव त्या काळी पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. त्याचा स्वतंत्र जिल्हा होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरची ही जुनी व्यापारी पेठ. गुजरातची सीमा जवळ असल्याने अहिराणी, मराठी, गुजराती आणि भिल्लांच्या बोली एकाच बाजारात कानी पडाव्यात, असा हा मुलूख आहे. मेहतांचे घर गुजराती भाषिक व्यापाऱ्याचे. चार इयत्ता शिकावे आणि पेढीवर बसावे, हा अशा घरातील मुलाचा ठरलेला मार्ग. काळ मात्र ठरल्याप्रमाणे चालणारा नव्हता. १९३६ च्या डिसेंबरअखेर काँग्रेसचे अधिवेशन शेजारच्या पूर्व खानदेशात, फैजपूर या खेड्यात भरले, आणि एरवी मोठ्या शहरांत दिसणारे पुढारी खानदेशच्या मातीत उतरले. शिरीष त्याच सुमारास दहा वर्षांचा झाला. प्रभातफेऱ्या, झेंडावंदने आणि घोषणा यांतच त्याची पिढी वाढली. तिला राजकारण वेगळे शिकवावे लागले नाही.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसह सारे प्रमुख नेते पकडले गेले. सरकारचा हिशेब असा की डोके उडविले म्हणजे धड थंड पडेल. झाले उलटे. वडीलधारी मंडळी तुरुंगात गेली आणि चळवळ शाळा-कॉलेजांतील मुलांच्या हाती आली. ११ ऑगस्टला पाटण्यात सचिवालयावर झेंडा लावण्यास निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार होऊन सात जण ठार झाले. सरकारची बाजूही येथे सांगितली पाहिजे. त्या महिन्यात सर्वच जमाव शांत होते असे नाही. आपल्याच प्रांतालगतच्या चिमूर व आष्टी येथे १६ ऑगस्टला अधिकारी आणि पोलीस जमावाच्या हातून मारले गेले. अधिकाऱ्यांच्या मनात धास्ती होती, हे आम्हांस मान्य आहे. पण नंदुरबारच्या रस्त्यावर त्या दिवशी जे चालून आले ते चिमूर नव्हते.

ठरावाला महिना पुरा होत होता. ९ सप्टेंबरला गावातून मिरवणूक निघाली. तीत मुले होती, मुली होत्या. हाती तिरंगा आणि तोंडी घोषणा, त्याही गुजराती. शिरीषचे सोळावे वर्ष अद्याप पुरे व्हावयाचे होते. मिरवणूक माणिक चौकात आली तेव्हा पोलिसांनी ती अडविली. पांगण्याचा हुकूम झाला, लाठ्या चालल्या, तरी मुले हटली नाहीत. नंदुरबारात घरोघर सांगितली जाणारी हकीकत अशी की, एका अधिकाऱ्याने मुलींच्या दिशेने बंदूक रोखली तेव्हा झेंडा घेतलेला शिरीष पुढे सरसावला आणि मारावयाचेच तर आपणास मारावे असे त्याने बजावले. गोळ्या छातीत लागून तो कोसळला. त्याच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांचेही प्राण गेले. शाळेत मास्तरकी करीत असताना हा प्रसंग आम्हीही मुलांना सांगितला आहे, आणि ही चार नावे सांगताना वर्ग अधिकच शांत होतो असा आमचा अनुभव आहे. एका मुलाची कथा होते. पाच मेले म्हणजे त्याला गोळीबार म्हणावे लागते.

मग जाब? तो विचारावयाचा कोठे? मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाने १९३९ साली राजीनामा दिल्यापासून गव्हर्नरचा अंमल होता. विधिमंडळ स्थगित, पुढारी गजाआड, वृत्तपत्रांवर निर्बंध. कोर्टाचा दरवाजाही उघडा नव्हता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जमाव पांगविण्याचे एक प्रकरण होते आणि त्याचे शेवटचे कलम होते १३२. या प्रकरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या परवानगीवाचून कोणावरही फौजदारी खटला भरता येणार नाही, असा त्याचा आशय. ज्याच्या शिपायाने गोळी झाडली त्याच्याचकडे बापाने परवानगी मागावयाची! सरकारनेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे १९४२ च्या अखेरपर्यंत देशात ५३८ वेळा गोळीबार झाला आणि ९४० माणसे मेली. नंदुरबारचे पाच त्यांतलेच.

ती परक्यांची राजवट होती, असे म्हणून हा विषय मिटविता आला असता. पण १९५५ च्या नोव्हेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर संयुक्त महाराष्ट्रासाठी उतरलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी ८ ऑगस्टला अहमदाबादेत महागुजरातसाठी जमलेले विद्यार्थी पडले. दोन्हीकडे सरकार एकच होते, मुंबई राज्याचे. मराठी आणि गुजराती, शिरीषच्या गावात एकत्र नांदणाऱ्या या दोन भाषांची तरुण मुले स्वराज्यातील पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. आता विधिमंडळ होते, मंत्री होते, वृत्तपत्रेही होती. तरीही मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही, आणि चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले तेव्हा त्यांच्या तक्रारींत हीही एक होती.

कायद्याचे म्हणाल तर १९७३ साली नवी संहिता आली. तीत कित्येक कलमांचे आकडे बदलले. हे कलम मात्र १३२ च राहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. वसाहतवादाच्या खुणा पुसण्याची भाषा तेव्हा मोठ्या उत्साहाने झाली. कलम १३२ चे आता १५१ झाले आहे. मजकूर चाळून पाहावा. पोलिसांवर खटला भरण्यास राज्य सरकारची परवानगी तेव्हाही लागे, आताही लागते. दंगलीत सापडलेल्या प्रामाणिक शिपायाला संरक्षण नको, असे आम्ही म्हणत नाही. ते देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे का नसावा, एवढेच आमचे विचारणे आहे.

२८ डिसेंबर २०२६ हा शिरीषकुमारच्या जन्मशताब्दीचा दिवस. त्या निमित्ताने आणखी एक पुतळा किंवा कमान उभारण्याऐवजी राज्य शासनाने एक साधे काम हाती घ्यावे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखांचा संग्रह आहे. तेथील आणि धुळ्याच्या जिल्हा दप्तरातील ९ सप्टेंबर १९४२ संबंधीचे जे कागद हाती लागतील, ते शोधून मराठीत छापावेत: हुकूम कोणाचा, फैरी किती, वर अहवाल काय गेला. पहिली प्रत माणिक चौकातील स्मारकापाशी ठेवावी.