एदुआर ल्यूका : ३९ अंकी मूळ संख्येचा मानकरी

प्रचंड मूळ संख्यांचा शोध आज संगणकावर घेतला जातो. परंतु १८७६ साली, हाताशी केवळ कागद आणि लेखणी असताना, एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवून दिले.

ल्यूका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी आमियाँ येथे झाला. शिक्षणानंतर त्यांनी पॅरिसच्या वेधशाळेत काम केले. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. युद्धानंतर मात्र त्यांनी अध्यापनाचा मार्ग पत्करला.

दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या काही संख्या मूळ असतात. त्यांची एक यादी मारँ मर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये दिली होती. तीत २ चा १२७ वा घात वजा १, म्हणजेच १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही संख्याही होती. तिला लहान संख्यांनी एकेक करून भागत बसणे मानवी आयुष्यात शक्य नव्हते.

ल्यूका यांनी वेगळीच वाट शोधली. ३ पासून आरंभ करून प्रत्येक पदाचा वर्ग करायचा व त्यातून २ वजा करायचे. ३, ७, ४७, २२०७ अशी ही श्रेणी वाढत जाते. तिचे १२६ वे पद त्या संख्येने निःशेष भागले गेले, तर संख्या मूळ ठरते. प्रत्येक टप्प्यावर केवळ बाकी ठेवायची असल्याने आकडे आवाक्यात राहतात. मात्र एक चूक झाली तरी सारे श्रम वाया जातात. याच काळात त्यांनी मर्सेनच्या यादीतील ६७ वा घात चुकीचा असल्याचेही दाखवले, तेही त्या संख्येचा एकही अवयव हाती नसताना. तिचे अवयव १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी शोधले.

फिबोनाची श्रेणीला ते नाव रूढ केले ते ल्यूका यांनीच. १८८३ मध्ये त्यांनी टोपणनावाने ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे बाजारात आणले. त्यासोबत काशीच्या मंदिरातील ६४ सुवर्णचकत्यांची दंतकथाही जगभर पोहोचली. त्या चकत्या हलवण्यास लागणाऱ्या खेळीही २ चा ६४ वा घात वजा १ इतक्याच!

१८९१ मध्ये मार्सेय येथील विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून भांडी पडली आणि फुटक्या बशीचा तुकडा ल्यूका यांच्या गालाला लागला. जखम चिघळून ३ ऑक्टोबर रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांची ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. पुढे डेरिक लेमर यांनी ल्यूका यांची कसोटी अधिक सुटसुटीत केली. २०२४ मध्ये सापडलेल्या ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकी मूळ संख्येची अंतिम खातरजमाही याच कसोटीने झाली.