पंडिता रमाबाई : एक ध्येय, अनेक वाटा

सेमिस्टर सुरू झाले की हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत भिंतीवर एक कागद चिकटतो. त्यावर सकाळी पाचला उठण्यापासून ते 'यंदा ऑल क्लिअर' पर्यंत सगळे असते. सबमिशनच्या आठवड्यापर्यंत त्या कागदाचा एक कोपरा सुटतो आणि पंख्याच्या वाऱ्याने तो फडफडत राहतो. ध्येय ठरवायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. ते निभवायचे कसे, आणि ते हातातून निसटले तर काय करायचे, हा खरा प्रॉब्लेम आहे. याच प्रॉब्लेमसाठी मला एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. नांदेडहून पुण्याला जाणारी आपली गाडी दौंड सोडल्यावर केडगाव स्टेशनावरून जाते. तेव्हा आपण बहुतेक झोपेत असतो. या केडगावात पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे घालवली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईने, तेही तीर्थयात्रेच्या वाटेवर. हे कुटुंब वर्षानुवर्षे देशभर पुराणे सांगत फिरायचे. मग दुष्काळ आला. आई, वडील आणि मोठी बहीण थोड्याच काळात गेले. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. ही दोघे चालत चालत, अक्षरशः चालत, १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची ही मुलगी संस्कृतात बोलते हे बघून तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वीस वर्षांची, म्हणजे आपल्या थर्ड इयरच्या वयाची, बरं का!

पुढची चार वर्षे फार भराभर गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून नोंदणी पद्धतीने लग्न केले. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला. सिलचरच्या त्या घरातच त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली होती, पण तेव्हा तो विषय तिथेच राहिला.

विधवा रमाबाई मुलीला घेऊन पुण्याला आल्या आणि इथे त्यांचे ध्येय पक्के झाले. ज्या बाईला या देशात कुठेच थारा नाही, तिच्यासाठी काम करायचे. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज ठासून मांडली. आता नुसते सांगून काय उपयोग? आपणच डॉक्टर व्हायचे असे त्यांनी ठरवले. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, त्याच्या विक्रीतून प्रवासाचे पैसे उभे केले आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. म्हणजे प्लॅन, फंड, डेडलाइन, सगळे जागेवर होते.

आणि तिथे तो प्लॅन मोडला. त्यांना ऐकू कमी येत होते. ते इतके कमी होते की मेडिकलचे शिक्षण घेणे शक्यच नव्हते. एवढा समुद्र ओलांडून आल्यावर हे कळले!

त्या घरी परतल्या नाहीत, आणि डॉक्टर होण्याचा हट्ट धरूनही बसल्या नाहीत. त्यांचे मूळ ध्येय डॉक्टर होणे हे नव्हतेच, ती एक वाट होती. वांटेजच्या ख्रिस्ती सिस्टर्सच्या मठात त्या राहत होत्या. त्या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेले. तिथे, समाजाने वाया गेलेल्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांना घर मिळत होते, काम मिळत होते. हे कशामुळे होते असे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. विहिरीवर एकट्या आलेल्या, गावाने नावे ठेवलेल्या बाईशी येशू बसून बोलतो ती गोष्ट. रमाबाईंना ती आतपर्यंत लागली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या सिस्टर्सचे सगळे ऐकू लागल्या असे झाले नाही. चर्चची शिकवण, बायकांनी काय शिकवावे, कुणाला शिकवावे, यावर त्यांचे सिस्टर्सशी पत्रांतून चांगलेच वाद झाले. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, सिस्टर्सपुढे मान वर करायची आमची हिंमत नव्हती, त्यामुळे मला याचे फार कौतुक वाटते.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, कारण आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळणार होती. जी पदवी आपल्याला मिळू शकली नाही, ती दुसऱ्या मराठी बाईला मिळताना बघायला त्या खास गेल्या! समारंभापुरत्या गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालवाडीची शिक्षणपद्धती शिकल्या, गावोगावी भाषणे दिली, हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यातून १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या असोसिएशनने मदतीचे वचन दिले ते दहा वर्षांचे. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. बालविधवांना तिथे राहायला आणि शिकायला मिळे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई इथल्याच विद्यार्थिनी. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, ही सुरुवातीची अट होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत, बायबल वाचत, आणि दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. काहींना येशूबद्दल ओढ वाटू लागली. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला. 'केसरी'ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

यात रमाबाई संपूर्ण बरोबर आणि पुणेकर संपूर्ण चूक, असे मी म्हणणार नाही. आईबापांनी मुली पाठवल्या त्या तटस्थ शाळा समजून, मग त्यांना फसल्यासारखे वाटले तर नवल नाही. पण रमाबाईंची अडचणही बघा. दार बंद करून चोरून प्रार्थना करावी तर स्वतःशी खोटे, उघडे ठेवावे तर अर्धे काम जाते. त्यांनी दार उघडे ठेवले. अर्धे काम गेले.

त्यांच्या आतही याच काळात काही चालले होते. १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले, की बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली, ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळाला नाही. तेव्हापासून त्यांच्या ध्येयांची भाषा बदलली. आधी त्या काय करायचे ते ठरवत आणि त्यासाठी देवाची मदत मागत. आता त्या देवापुढे बसून त्याने काय करायला सांगितले ते ऐकू लागल्या. वाचायला दोन्ही सारखेच वाटते. फरक कळतो तो गणित चुकल्यावर.

गणित म्हणजे खरेच गणित! १८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचे शिबिर होते. रमाबाईंबरोबर तेव्हा विश्वासात आलेल्या पंधरा मुली होत्या. त्यांनी प्रार्थनेत मागितले, की पुढच्या वर्षीच्या शिबिरापर्यंत या पंधराचा वर्ग व्हावा. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. आकडा ठरला, मुदत ठरली. एवढ्या मुली येणार कुठून, हे मात्र त्यांना तेव्हा दिसत नव्हते.

काही महिन्यांत मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला, आई-वडील गेले तो. त्या तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली आणि बायका घेऊन आल्या. पण पुण्यात प्लेग होता, एवढ्या लोकांना शहरात ठेवायला सरकारी परवानगी नव्हती. आता न्यायचे कुठे?

इथे तो दहाचा आकडा येतो. बोस्टनची मदत दहा वर्षांनी थांबणार हे रमाबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होते. म्हणून त्यांनी आधीच केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेऊन फळबाग लावायला सुरुवात केली होती, उत्पन्नासाठी. येशूच्या दाखल्यातला माणूस बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करतो, तसा हा हिशोब होता. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर दुष्काळातल्या मुलींच्या झोपड्या उभ्या राहिल्या. प्रार्थना एकीकडे आणि प्लॅनिंग दुसरीकडे अशी वाटणी रमाबाईंकडे नव्हती, हे मला सगळ्यात जास्त पटते. आपल्यातले काही जण पेपरच्या आदल्या रात्री मेणबत्ती लावतात किंवा औंढ्याला नवस बोलतात, पण आधीचे चार महिने पुस्तक उघडत नाहीत. रमाबाईंनी अशांना उभे केले नसते.

सप्टेंबर १८९८ मध्ये 'मुक्ती'ची रीतसर सुरुवात झाली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या लोकांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. विहिरी खणल्या, माग आले, तेलघाणी, गोठा, शिवणकाम, छापखाना आला. आंधळ्या मुलींची शाळा झाली, मनोरमाबाई तिथे ब्रेल शिकवीत. फसवलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन झाले. फुलहॅमला बघितलेली गोष्ट पंधरा-सोळा वर्षांनी केडगावात उभी राहिली. १९१२ मध्ये त्यांचे काम गुलबर्ग्यापर्यंत पोहोचले. आपल्या हिंगोलीसारखेच तेव्हा तेही निजामाच्या राज्यात होते. तिथली शाळा मनोरमाबाईंनी सांभाळली.

एवढे सगळे चालू असताना रमाबाईंनी आणखी एक काम हाती घेतले. मराठी बायबल तेव्हा होते, पण त्याची भाषा केडगावच्या मुलींना कळत नव्हती, त्यात संस्कृत फार. संस्कृतच्या पंडितेनेच ठरवले, की संस्कृत बाजूला ठेवून खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत सगळे बायबल मुळापासून भाषांतर करायचे. (लोकांच्या बोलीत देवाची गोष्ट सांगायची, हे आपल्या नर्सीच्या नामदेवांनी फार आधी केले होते, म्हणून मला ही गोष्ट परकी वाटत नाही.) मुळापासून म्हणजे हिब्रू आणि ग्रीकमधून. त्या भाषा येत नव्हत्या, तर वयाच्या चाळिशीनंतर त्या शिकल्या. पंधराहून अधिक वर्षे हे काम रोज थोडे थोडे चालले. दोन हजार माणसांचे जेवण, आजारपण, भांडणे, हिशोब सांभाळून उरलेल्या वेळात! कान जवळजवळ गेलेले, तब्येत खालावलेली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांच्या होत्या. आईच्या मागे मुक्तीचे सगळे त्याच बघतील असे ठरलेले होते. रमाबाईंच्या हयातीतला हा बहुधा सर्वात मोठा प्लॅन, तोही गेला. त्या पुन्हा भाषांतराच्या कागदांपाशी बसल्या. मुक्तीत असे सांगतात, की काम पुरे होईपर्यंत दिवस मिळावेत एवढेच त्यांनी देवाजवळ मागितले होते. भाषांतर पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्या गेल्या.

संपूर्ण बायबल छापून निघाले १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात. त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच मुलींनी आणि बायकांनी. त्यातल्या कितीतरी जणी केडगावला आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.