शिक्षकांकडे हिशेब मागणारा संत

शाळेचे वर्ष संपत आले की वर्गातील प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने चार ओळी लिहून ठेवायच्या, असा दंडक तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील काही कॅथलिक प्राथमिक शाळांना घालून देण्यात आला होता. मुलाचे वय काय, शाळेत येऊन किती काळ झाला, वाचन-लेखनाच्या कोणत्या पायरीवर तो आहे, एवढ्यावर ही नोंद थांबत नसे. त्याचा स्वभाव कसा, प्रार्थनेत मन लागते का, गैरहजर राहतो तो कशामुळे, शिक्षेने सुधारतो की अधिकच बिथरतो, आईवडील फाजील लाड करतात का, हेही त्यात येई. सुटीनंतर तो वर्ग ज्या शिक्षकाच्या हाती जायचा, त्याला ही नोंद उपयोगी पडे. सप्टेंबरात मुले सुटीला पांगली की शिक्षक एकांतसाधनेला बसत. तेथे चिंतनाचा विषय असे तो आपल्यावर सोपवलेल्या मुलांचा. त्यांचे आपण काय केले, याचा देवापुढे द्यावयाचा हिशेब!

ही शिस्त ज्यांच्या नावाशी जोडली गेली, त्या ज्याँ-बाप्तिस्त द ला साल यांना खरे तर गरिबांच्या शाळेकडे फिरकण्याचेही काही कारण नव्हते. फ्रान्सच्या शाम्पेन प्रांतातील रीम्स शहरात ३० एप्रिल १६५१ रोजी एका संपन्न घरात त्यांचा जन्म झाला. वडील लुई हे राजाच्या न्यायालयातील अधिकारी, तर आई निकोल ही मोएत या प्रतिष्ठित घराण्यातील. थोरला मुलगा म्हणून वडिलांचे पद त्यांच्याकडे यावे, हे ओघानेच आले असते. परंतु मुलाचा ओढा धर्माकडे होता. वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, १६६७ च्या जानेवारीत, ते रीम्सच्या कॅथिड्रलमध्ये 'कॅनन' झाले. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक ज्या कॅथिड्रलमध्ये होत असे, तेथील धर्ममंडळाचे हे सभासदत्व होते. त्यात मान होता आणि आयुष्यभराचे निश्चित उत्पन्नही होते.

१६७० साली ते पॅरिसच्या सँ-स्युल्पिस सेमिनरीत दाखल झाले. पण पुढच्याच वर्षी आई गेली आणि १६७२ च्या एप्रिलमध्ये वडीलही. एकविसावे वर्ष पुरे व्हायच्या आत धाकट्या भावंडांचे पालकत्व अंगावर पडल्याने त्यांना शिक्षण अर्धवट टाकून घरी परतावे लागले. घराचे हिशेब, मालमत्तेची व्यवस्था, भावांची शिक्षणे हे सारे सांभाळीत त्यांनी अभ्यास पुढे चालवला आणि ९ एप्रिल १६७८ रोजी ते धर्मगुरू झाले. त्याच महिन्यात त्यांचे मार्गदर्शक कॅनन निकोला रोलाँ यांचे निधन झाले. रोलाँ यांनी मुलींना शिकविण्यासाठी बालयेशूच्या भगिनींचा संघ सुरू केला होता. तो मार्गी लावण्याचे काम मृत्युपत्रान्वये ला साल यांच्याकडे आले. शिक्षणाच्या क्षेत्रात ते आले ते असे, एका दिवंगत स्नेह्याची जबाबदारी उरकण्यासाठी.

या भगिनींच्याच दारात १६७९ च्या मार्चमध्ये त्यांची एका परगावच्या पाहुण्याशी गाठ पडली. आद्रियाँ न्येल हे त्याचे नाव. रूआँ येथे गरीब मुलांच्या शाळा चालविणारा हा गृहस्थ, रीम्समध्ये मुलग्यांसाठी मोफत शाळा काढावी, असा एका श्रीमंत बाईचा निरोप घेऊन आला होता. ला साल यांनी त्याला आपल्या घरी उतरवून घेतले, चार जाणत्यांचा सल्ला घेतला आणि १५ एप्रिलला सँ-मोरिस पॅरिशमध्ये शाळा सुरू झाली. काही महिन्यांत दुसरी निघाली. न्येल उत्साही होते. शाळा काढावी आणि पुढच्या गावाला निघावे, हा त्यांचा खाक्या. मागे राहिलेल्या शाळेत शिक्षक काय शिकवतात, कसे राहतात, हे पाहायला मात्र कोणी नव्हते.

त्या काळी गरिबांच्या शाळेतील शिक्षक म्हणजे दुसरे काही न जमल्यामुळे या धंद्यात शिरलेला माणूस. पगार तुटपुंजा, राहण्याची आबाळ, शिकविण्याचे कोणतेही प्रशिक्षण नाही. वर्गात एकेक मुलगा गुरुजींच्या टेबलापाशी जाऊन धडा म्हणे आणि तोवर बाकीचे दंगा करीत. शाळा टिकवायची तर आधी शिक्षकाला सावरले पाहिजे, हे ला साल यांच्या ध्यानात आले. १६७९ च्या नाताळच्या सुमारास त्यांनी आपल्या घराजवळच एक घर भाड्याने घेऊन शिक्षकांना तेथे ठेवले. पुढे त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावू लागले आणि २४ जून १६८१ रोजी तर राहायलाच घेऊन आले.

येथून त्यांच्या आयुष्याला जे वळण लागले, त्याचा त्यांना स्वतःलाही अंदाज नव्हता. सुरुवातीला या शिक्षकांना आपण आपल्या नोकरापेक्षाही कमी लेखत होतो आणि त्यांच्यासोबत राहावे लागेल असे आधी कळते, तर या कामाच्या वाटेलाच गेलो नसतो, अशी कबुली त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. नातेवाइकांचा तर संताप झाला. उमराव घरात, धाकट्या भावांच्या पंक्तीला हे अर्धशिक्षित लोक! भावांना त्यांच्या छत्राखालून काढून घेण्यात आले. ला साल मागे हटले नाहीत. बरोबर एका वर्षाने त्यांनी वडिलोपार्जित घर सोडले आणि शिक्षकांसह गरीब वस्तीतील भाड्याच्या घरात ते राहायला गेले. मऊ अन्नाला सरावलेल्या त्यांच्या पोटाला तेथील जेवण मुळीच मानवेना. तेव्हा काही दिवस निव्वळ उपाशी राहून त्यांनी स्वतःला ते खायला लावले, असे चरित्रकार सांगतात.

पण खरी कसोटी पुढेच होती. उद्या शाळा बंद पडली तर आमचे काय, हा प्रश्न शिक्षकांच्या मनातून जात नव्हता. देवावर भरवसा ठेवा, असे ला साल त्यांना सांगत. त्यावर शिक्षकांनी दिलेले उत्तर बिनतोड होते. ज्याच्या पाठीशी वडिलांची इस्टेट आणि कॅननचे उत्पन्न आहे, त्याला भरवशाच्या गोष्टी सांगणे सोपे आहे; आमच्यापाशी काहीच नाही. हा घाव वर्मी बसला. १६८३ मध्ये त्यांनी कॅननपदाचा राजीनामा दिला आणि ते पद, धाकटा भाऊ धर्मसेवेत असतानाही, त्याला न देता एका गरीब धर्मगुरूला मिळू दिले. राहिली मालमत्ता. ती शाळांच्या नावे कायम ठेव म्हणून ठेवावी, असा विचार कोणाही व्यवहारी माणसाने केला असता. पॅरिसचे साधू निकोला बारे यांचा सल्ला उलटा होता. शाळा ठेवीवर उभ्या राहिल्या तर त्या बुडतील, असे त्यांचे मत. १६८३-८४ च्या हिवाळ्यात शाम्पेनमध्ये दुष्काळ पडला. ला साल यांनी आपली संपत्ती रोज भाकरीच्या रूपाने वाटायला सुरुवात केली आणि ती संपेपर्यंत वाटली. त्यानंतर शिक्षकांचा तो प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही.

या शिक्षकांचाच पुढे 'ख्रिस्ती शाळांच्या बंधूंचा' संघ झाला. काळा झगा, पांढरी गळपट्टी, खांद्यावर जाड घोंगडीवजा डगला असा त्यांचा वेश. हे बंधू अविवाहित राहून व्रतस्थ जीवन जगत, पण ते धर्मगुरू नसत. आपल्यानंतर कुणी धर्मगुरूने संघ सांभाळावा म्हणून ला साल यांनी आंरी लरू या गुणी बंधूला त्यासाठी तयार करण्यास घेतले होते. लरू अकस्मात वारले. हा ईश्वरी संकेत मानून त्यांनी कायमचे ठरवले की, या संघात कोणी धर्मगुरू होणार नाही. शिकविणे हेच पूर्ण जीवितकार्य, ते दुसऱ्या कशाची पायरी नव्हे. शिक्षकाच्या पेशाला एवढा मान तोवर फारसा कोणी दिला नव्हता.

१६८८ मध्ये ते पॅरिसला आले. तीन वर्षांत आजारपणे, मृत्यू आणि गळती यांमुळे सारेच मोडेल अशी वेळ आली. तेव्हा २१ नोव्हेंबर १६९१ रोजी ला साल, निकोला व्हुयार आणि गाब्रिएल द्रोलँ या तिघांनी गुप्तपणे शपथ घेतली. तिघेच उरलो आणि भिक्षा मागून कोरड्या भाकरीवर राहावे लागले, तरी हे काम सोडायचे नाही. पुढे व्हुयार यांनी साथ सोडली. द्रोलँ यांना १७०२ साली रोमला पाठविण्यात आले आणि तेथे ते वर्षानुवर्षे एकट्याने टिकून राहिले.

या शाळांतला दिवस कसा असे, ते अनुभवी बंधूंच्या साहाय्याने ला साल यांनी तयार केलेल्या शाळा-संचालनाच्या ग्रंथात बारकाईने आले आहे. १७०६ सालचे त्याचे हस्तलिखित उपलब्ध आहे. मुले सकाळी न्याहारी घेऊन येत आणि ती वर्गातच खात. ज्याच्याकडे जास्तीची भाकरी असेल त्याने ती टोपलीत टाकायची आणि ती गरीब मुलांना वाटायची. ठरावीक वेळाने घंटा होई आणि सारा वर्ग हातातले काम थांबवून, आपण देवाच्या सान्निध्यात आहोत, याचे क्षणभर स्मरण करी. रोज शिक्षकांसमवेत मिस्सा, रोज धर्मशिक्षण. शिक्षकाने शक्य तितके कमी बोलायचे. हातातल्या छोट्या साधनाच्या टकटकीने खुणा करायच्या. मुलांचे गट पाडून साऱ्यांनी एकच धडा एकाच वेळी वाचायचा. आज कोणत्याही शाळेत गृहीत धरलेली ही वर्गपद्धती त्यांनी शोधली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण ती सर्वदूर रुजविण्याचे मोठे श्रेय त्यांचेच आहे.

आधी फ्रेंच आणि मग लॅटिन, हा त्यांचा आग्रह तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटला. वाचन लॅटिनपासूनच सुरू करायचे, हा रूढ प्रघात होता. दोन-चार वर्षांत कामाला जुंपल्या जाणाऱ्या मुलाला लॅटिनची अक्षरे घोकवून काय मिळणार, असा ला साल यांचा साधा हिशेब होता. मातृभाषेच्या माध्यमाची चर्चा नित्य ऐकणाऱ्या मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. छडी मात्र या शाळांतून हद्दपार नव्हती. तिचा वापर विरळाच व्हावा, हाताने मारू नये, मुलाला टोपणनावाने हिणवू नये, असे निर्बंध होते. आजच्या दृष्टीने ते अपुरेच म्हणावे लागतील.

बक्षिसांचा नियम विशेष लक्षात राहण्याजोगा आहे. पुस्तके, धार्मिक चित्रे, जपमाळा अशी बक्षिसे तीन कारणांसाठी दिली जात: भक्तिभाव, हुशारी आणि नियमितपणा. त्यांत सर्वांत चांगले बक्षीस भक्तिभावाला आणि त्या खालोखालचे नियमित हजेरीला. हुशारीचा क्रमांक शेवटचा! ज्याला घरच्या गरिबीमुळे रोज शाळेत येणे हीच लढाई होती, अशा मुलालाही बक्षीस मिळण्याची वाट त्यामुळे खुली राहिली.

या शाळांचा बोलबाला झाला तसे शत्रूही वाढले. लेखनकला शिकविणाऱ्या मास्तरांची पॅरिसमध्ये संघटना होती. मोफत शाळा गरिबांपुरती असेल तर असो, पण येथे पैसे देऊ शकणाऱ्या कारागिरांची मुलेही बसतात, अशी त्यांची तक्रार. गरीब आणि खाऊनपिऊन सुखी यांना एकाच बाकावर बसविणे ला साल यांना सोडायचे नव्हते. १७०४ मध्ये शाळांवर जप्ती आली, दंड झाले. १७०६ मध्ये निकाल विरोधात कायम झाल्यावर बंधूंना सँ-स्युल्पिसच्या शाळा काही काळ सोडाव्याही लागल्या. त्याहून जिव्हारी लागला तो १७१२ चा खटला. एका तरुण धनिकाने शिक्षक-प्रशिक्षणासाठी पैसा देऊ केला होता. तो अल्पवयीन होता. त्याच्या वडिलांनी दावा लावला आणि अजाण मुलाला फसविल्याचा ठपका ला साल यांच्यावर आला.

ते दक्षिणेकडे निघून गेले. मार्सेलमध्येही अपयशच आले. ज्यांच्यासाठी सर्वस्व दिले, त्या संघाला आपणच अडचण झालो आहोत, असे त्यांना वाटू लागले. ग्रनोबल येथे एका बंधूला प्रवासाला पाठवून त्यांनी स्वतः त्याचा वर्ग घेतला. धर्मशास्त्राचा डॉक्टर लहान मुलांना अक्षरे गिरवायला शिकवू लागला. जवळच्या पार्मेनीच्या टेकडीवर एकांतात उरलेले आयुष्य काढावे, असे मनात घोळत असताना १ एप्रिल १७१४ चे एक पत्र आले. पॅरिस परिसरातील प्रमुख बंधूंनी लिहिलेल्या त्या पत्रात विनंती नव्हती, आज्ञा होती. आज्ञापालनाचे जे व्रत आपण संघापुढे घेतले आहे, त्याला अनुसरून परत यावे. ज्यांना एकेकाळी त्यांनी नोकराहून कमी लेखले होते, त्यांची आज्ञा शिरोधार्य मानून ते १० ऑगस्टला पॅरिसला पोहोचले.

१७१७ मध्ये त्यांनी नेतृत्व बंधू बार्तेलेमी यांच्याकडे सोपवून घेतले आणि रूआँजवळच्या सँ-यों येथे ते साधा सभासद म्हणून राहिले. मृत्यूच्या अगदी तोंडावर, स्थानिक धर्माधिकाऱ्यांशी झालेल्या वादातून, त्यांचे धर्मगुरूचे अधिकारही काढून घेण्यात आले. ७ एप्रिल १७१९ च्या पहाटे त्यांनी देह ठेवला. तो दिवस गुड फ्रायडेचा होता. १९०० साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले आणि १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून. 

शिक्षकांच्या सुटीतील एकांतसाधनेसाठी त्यांनी लिहिलेली सोळा चिंतने त्यांच्या मृत्यूनंतर, १७३० च्या सुमारास छापली गेली. तत्पूर्वीच २६ जानेवारी १७२५ रोजी पोपने संघाला मान्यता दिली होती. त्या दिवशी, १६९१ च्या शपथेतील तिघांपैकी उरलेले द्रोलँ रोममध्येच होते. ते फ्रान्सला परतले १७२८ साली, सव्वीस वर्षांनी.