लाजाळू धोंडू ते महर्षी अण्णा

उत्तर येत असूनही फळ्यासमोर उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही, असं आपल्यापैकी पुष्कळांचं होतं. धोंडो केशव कर्वे हेही असेच लाजाळू होते, आणि हा स्वभाव त्यांना मोठेपणीही नडला. अशा माणसाला लोकांनी किती नावं ठेवली आणि त्याचं पुढे काय झालं, ते वाचा.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली या गावी झाला. बालपण मुरूडला गेले. हे मुरूड म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याजवळचं नव्हे हं! हे दापोली तालुक्यातलं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. घरची गरिबी होती. धोंडू अभ्यासात हुशार, पण अंगाने किरकोळ.

त्या काळी सहावीची परीक्षा द्यायला साताऱ्याला जावं लागे. १८७५ साली धोंडू आणि त्याचे सोबती पायी निघाले. शंभराहून जास्त मैलांची वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट आणि वर पाऊस! परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता. धोंडूचं वय नियमात बसत होतं, पण साहेबांना तो लहानच वाटला. त्यांनी परीक्षेला बसू दिलं नाही. आला तसा तो परत फिरला. एवढं चालून आल्यावर नुसत्या अंगकाठीवरून नकार मिळाला, तर पोराला काय वाटलं असेल! पण त्याने पुस्तक ठेवून दिलं नाही. पुढे कोल्हापूरला जाऊन तो ती परीक्षा पास झाला. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारली. त्या वेळी विधवांचे फार हाल होत. केस काढायचे, पुन्हा लग्न नाही, शिक्षण तर नाहीच. अण्णांनी ठरवलं की लग्न करायचं तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्यांनाच पुढे बाया कर्वे म्हणू लागले. मुरूडकर खवळले. ज्या गावासाठी अण्णांनी मुरूड फंड काढला होता, त्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं! त्यांच्याबरोबर उठबस करायची नाही. घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार. लोकांनी नुसतं टाकून बोलणं वेगळं आणि आपल्यापायी आईचं घर तुटणं वेगळं. अण्णांना हे फार लागलं.

मात्र त्यांनी गावाशी भांडण मांडलं नाही. लोक इतके का चिडतात याचा त्यांनी विचार केला. पुनर्विवाहाचं नाव काढलं तरी माणसं दार लावून घेतात, पण मुलीला शिकवायला कुणी तरी तयार होईल, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा शिक्षणावरच भर दिला. पुनर्विवाहाचं काम आश्रमाबाहेर ठेवलं. यावर सुधारक मंडळीच नाराज झाली! म्हणजे दोन्हीकडून बोलणी. मला विचाराल तर हे दुसरं बोलणं सोसायला जास्त कठीण, कारण ते आपल्याच माणसांचं असतं.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. दिवसा कॉलेजात गणित शिकवायचं आणि संध्याकाळी चार मैल तुडवत हिंगण्याला जायचं, असा अण्णांचा क्रम होता. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. इंग्रज सरकारने त्याला मान्यता दिली नाही, तरी मुली मातृभाषेतून शिकत राहिल्या. तेच आजचं मुंबईचं एस. एन. डी. टी. विद्यापीठ.

१९३६ साली अण्णा ७८ वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. लोकल बोर्डाची शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढायच्या, हे त्याचं काम. या मंडळासाठी लाजाळू अण्णा म्हातारपणी पुण्यात पायी फिरून वर्गणी गोळा करत.

१९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.